‘लेखिकेचा हेतू’: पाच गुणांच्या एका प्रश्नाची उजळणी

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न सहसा चुकत नाही. कधी तो ‘लेखकाचा हेतू स्पष्ट करा’ असा येतो, कधी ‘लेखिकेचा दृष्टिकोन तुमच्या शब्दांत सांगा’ असा. गुण पाच. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण हाताला जुनी सवय आहे) एका महाविद्यालयात मी सव्वीस वर्षे मराठी शिकवले, आणि हा प्रश्न शेकडो वेळा काढला, तपासला. त्याचे उत्तर काय असते, हे मला ठाऊक होते. म्हणजे आदर्श उत्तर काय असते, हे ठाऊक होते.

एका वर्षी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर हा प्रश्न मीच काढला होता. आदर्श उत्तरात मुद्दे होते ते असे: रेव्हरंड टिळकांच्या आठवणी जतन करणे, स्वतःच्या स्वभावातले बदल प्रांजळपणे सांगणे, विनोदी आणि निर्मळ शैली. पावणेदोनशे उत्तरपत्रिकांपैकी बहुतेकांत हेच होते. एका मुलीने मात्र तीन ओळी लिहिल्या होत्या. तिचे म्हणणे असे की, आपण जातपात सोडली हे लेखिकेला सांगायचे आहे, ते तिने चांगले सांगितले आहे. पण ज्यांच्या हातचे ती जेवली त्यांना त्या दिवशी काय वाटले, हे तिने विचारलेले नाही. म्हणून तिचा हेतू आपल्याला अर्धाच कळतो. मी समासात ‘विषयांतर’ असे लिहिले आणि पाचापैकी एक गुण दिला. तो एक गुणही मोठ्या मनाने दिला, असे तेव्हा वाटले होते.

ती नंतर स्टाफरूममध्ये विचारायला आली. भांडायला नव्हे. “सर, माझी पणजी दुष्काळात मिशनच्या बोर्डिंगात वाढली होती,” एवढेच म्हणाली. मी म्हणालो की प्रश्न लेखिकेच्या हेतूचा आहे, पणजीचा नाही. ती “बरं सर” म्हणाली आणि गेली. निवृत्तीनंतर ‘स्मृतिचित्रे’ सावकाश, परीक्षेचा ससेमिरा मागे नसताना वाचायला घेतले, तेव्हा त्या तीन ओळी पुन्हा पुन्हा आडव्या आल्या. हा लेख म्हणजे त्या उत्तरपत्रिकेचे फेरमूल्यांकन आहे, असे समजायला हरकत नाही.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. आपण ‘हेतू’ म्हणतो तेव्हा उद्देश असे म्हणायचे असते. संस्कृत साहित्यशास्त्रात मात्र काव्यहेतू म्हणजे काव्य निर्माण होण्याचे कारण: प्रतिभा, व्युत्पत्ती, अभ्यास. उद्देशाला तिथे ‘प्रयोजन’ म्हणतात. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सहा प्रयोजने सांगितली आहेत. त्यांत यश आणि धन आहे, व्यवहारज्ञान आहे, अमंगलाचा नाश आहे, वाचताक्षणी मिळणारा परमानंद आहे आणि प्रिय पत्नीने गोडीगुलाबीने करावा तसा उपदेश आहे. (पत्नी उपदेश गोडीगुलाबीने करते, हे मम्मटाचे मत. लक्ष्मीबाईंचा संसार त्याने पाहिला नव्हता.) ही प्रयोजने सगळ्या काव्याची मिळून आहेत, अमुक एका ग्रंथाला काय म्हणायचे आहे, हे कसे ओळखावे, ते यातून कळत नाही.

ते ओळखण्याची रीत आपल्याकडे वेगळ्या दुकानात मिळते. मीमांसकांच्या आणि वेदान्त्यांच्या. त्यांची अडचण मोठी मजेशीर होती. वेद अपौरुषेय, म्हणजे त्यांना कर्ताच नाही. तेव्हा कर्त्याच्या मनात काय होते, हा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही वचनांचा अर्थ लावायचा, आणि वाटेल तसा लावायचा नाही. म्हणून त्यांनी ‘तात्पर्य’ शोधण्याच्या खुणा ठरवल्या. आरंभ आणि शेवट एकमेकांशी जुळतात का, मध्ये पुन्हा पुन्हा काय येते, दुसरीकडे कुठे न मिळणारे असे इथे काय आहे, फळ कोणते सांगितले आहे, स्तुती किंवा निंदा कशाची आहे, आणि कोणत्या युक्तिवादाने ते पटवले आहे. या खुणांना षड्विध तात्पर्यलिंगे म्हणतात. अमेरिकेत विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी 1946 साली लेखकाच्या मनातल्या हेतूवरून कृतीचे मोल ठरवू नये, असे मांडले, तेव्हा पाश्चात्त्य समीक्षेत बरीच खळबळ झाली. आमच्या पाठशाळेतल्या शास्त्रीबुवांना त्यात नवे काही वाटले नसते. कर्ता नसलेला ग्रंथ ते शतकानुशतके वाचत होते.

पण आत्मकथन हा प्रकार दोघांनाही अडवतो. इथे कर्ता आहे, आणि त्याचे नाव मुखपृष्ठावरच नव्हे तर पानापानावर आहे. फिलिप लज्यून या फ्रेंच अभ्यासकाने 1975 साली आत्मचरित्र म्हणजे लेखकाने वाचकाशी केलेला करार, असे म्हटले: लेखक, निवेदक आणि मुख्य पात्र या तिघांचे नाव एकच आहे, याची हमी. ही हमी असते म्हणूनच आपण हेतूविषयी निःशंक होतो. लक्ष्मीबाई सांगताहेत ना, मग त्यांचा हेतू त्यांनाच विचारू.

विचारले तर उत्तर मिळते, आणि ते फसवे आहे. ‘स्मृतिचित्रे’ जन्माला कशी आली, हे सर्वश्रुत आहे. टिळक 1919 साली वारले. पुढे मुलगा देवदत्त याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, त्यासाठी आईने आठवणी सांगाव्यात असे ठरले. आठवणी लिहिता लिहिता त्यांचे वेगळेच पुस्तक झाले. पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला, शेवटचा 1936 साली, आणि त्याच वर्षी लक्ष्मीबाई गेल्या. म्हणजे निमित्त चरित्राचे. पण निमित्त आणि प्रयोजन यांत अंतर असते. दळण आणायला गेलेली बाई वाटेत मैत्रिणीकडे तासभर बसते, तेव्हा ती घरातून दळणासाठी निघाली होती हे खरेच असते. मात्र त्या तासाचा अर्थ दळणात शोधून सापडत नाही.

नगरच्याच किल्ल्यातले एक उदाहरण इथे आठवते. 1942 ते 1945 या काळात मौलाना आझाद तिथे कैदेत होते, त्याच किल्ल्यात नेहरू ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते. मौलानांचे ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक पत्रांचे आहे. पत्रे मित्राला, हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून आहेत. पण ती तुरुंगातून जाणार नाहीत, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. न टाकायचे पत्र कशासाठी लिहायचे? मायना वाचून हेतू ठरवणाऱ्याची इथे पंचाईत होते. लक्ष्मीबाईंचे चरित्रलेखनही असेच न टाकलेले पत्र आहे, असे मला वाटू लागले आहे.

तात्पर्यलिंगांपैकी पहिली खूण, आरंभ आणि शेवट. टिळकांच्या आठवणींचे पुस्तक टिळकांपासून सुरू व्हायला हवे. ‘स्मृतिचित्रे’ सुरू होते लक्ष्मीबाईंच्या माहेरापासून, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरापासून. आजोबांना सत्तावन्नच्या धामधुमीनंतर फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने ठाण मांडले, असे त्या सांगतात. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणारा, सगळ्या घरादाराला धाकात ठेवणारा हा माणूस. हे सगळे इतक्या गमतीने सांगितले आहे की शाळेच्या पुस्तकांत ‘स्मृतिचित्रे’तले उतारे आले ते बहुधा अशाच गमतीसाठी. पण गंमत बाजूला ठेवून पाहिले तर पुस्तकाच्या दारातच काय उभे आहे? एका पुरुषाच्या डोक्यातली एक कल्पना, आणि तिच्याभोवती फिरायला लागलेले घरातल्या बायकांचे आयुष्य. फाशीच्या दोरापासून निघालेले भय पाण्याच्या घागरीपर्यंत येऊन पोचते. मग अकराव्या वर्षी ही मुलगी दुसऱ्या घरी जाते, तिथे दुसरा पुरुष, दुसऱ्या कल्पना. टिळकांच्या कल्पना उदात्त होत्या, हा फरक लहान नाही. पण सकाळी चुलीपुढे बसणारीला उदात्त कल्पनेचाही धूर लागतोच.

आणि शेवट? शेवट लक्ष्मीबाईंचा नाहीच. त्या गेल्या तेव्हा लेखन अपुरे होते. ते मुलाने पुरे केले. म्हणजे ‘उपसंहार’ ही खूण इथे दुसऱ्याच्या हातची आहे. आईचा मृत्यू सांगणारा मुलगा साहजिकच पुस्तक कृतज्ञतेवर नेऊन ठेवतो. त्या कृतज्ञतेच्या प्रकाशात आपण मागचे सगळे वाचतो आणि म्हणतो, पतिनिष्ठेचे हृद्य दर्शन. माझ्या आदर्श उत्तरातला पहिला मुद्दा बहुधा याच शेवटातून आला होता. त्यात वर्षानुवर्षे संक्षिप्त आवृत्त्याच हाती पडत होत्या. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली आवृत्ती हाती आली तेव्हा पुस्तकाचा पैस केवढा आहे ते समजले. संक्षेप करणाऱ्यालाही हेतू असतो, आणि तो लेखिकेच्या नावावर जमा होतो.

पुन्हा पुन्हा काय येते ते पाहू. टिळक निघून जातात, परत येतात. घर मांडले जाते, मोडले जाते. पैसे येतात आणि दारात आलेल्या कोणाला तरी दिले जातात. कोणी तरी अनाथ, आजारी, कवी घरात आणून ठेवला जातो. बालकवी ठोंबरे त्यांपैकीच. दर वेळी लक्ष्मीबाई चिडतात, बोलतात, आणि मग त्या आलेल्या माणसाला वाढतात. या आवृत्तीत स्तुती आहे तशी तक्रारही आहे. स्तुती पकडणाऱ्यांनी पुस्तकाला पतिभक्तीचे म्हटले. अलीकडे तक्रार पकडणाऱ्यांनी ते बाईच्या सोसण्याची कैफियत ठरवले. मीमांसक दोघांनाही थांबवतील. स्तुती आणि निंदा यांना ते ‘अर्थवाद’ म्हणतात. अर्थवाद तात्पर्याकडे बोट दाखवतो, तो स्वतः तात्पर्य नव्हे. टिळक थोर होते की त्रासदायक, याचा निवाडा करायला हे पुस्तक बसलेले नाही. ते दोन्ही होते, हे पहिल्या पन्नास पानांतच कळून चुकते, आणि त्यानंतरही पुस्तक शेकडो पाने चालते.

मग दुसरीकडे न मिळणारे असे इथे काय आहे? टिळकांचे धर्मांतर, त्यांची कविता, ‘ज्ञानोदया’तले काम, कीर्तने, हे अन्यत्र मिळते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ही नोंद कोणीही देईल. ती बातमी कळल्यावर बायकोच्या घरात काय झाले, हे फक्त इथे मिळते. आणि त्याहून विरळ गोष्ट म्हणजे त्यानंतरची वर्षे. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू. ती काही वर्षांनी नगरला येते, पण चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे तसेच. मिशनच्या वस्तीत ती ब्राह्मणी शिवाशीव पाळत राहते. मग एक दिवस विचार करता करता तिला वाटते की हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसाने केलेत. आणि आजपासून कोणाच्याही हातचे खाईन-पिईन असे ती ठरवते. ख्रिस्ती होणे त्याच्यानंतर येते.

या क्रमाकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष कधी वेधले नाही, याची आज खंत वाटते. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (1888) शेजारी ठेवा. नावातच हेतू आहे: अंधार होता, उजाडले. तिथे सगळे प्रसंग त्या उजाडण्याच्या रोखाने लावलेले. लक्ष्मीबाईंनी असे केले असते तर समजण्यासारखे होते. लिहिताना त्या ख्रिस्ती होऊन तीनेक दशके लोटली होती, टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेले होते, श्रद्धा पक्की होती. तरी साठी ओलांडलेली ही ख्रिस्ती बाई तिशीतल्या सोवळ्या बाईची पाठराखणही करत नाही आणि तिला पश्चात्तापाच्या पाटावरही बसवत नाही. तिला तिच्या तेव्हाच्या अज्ञानासकट चालू देते. पुढे काय होणार हे लिहिणारीला ठाऊक आहे, पण ती पात्राच्या कानात कुजबुजत नाही. ‘स्मृतिचित्रे’चा विनोद या दोन लक्ष्मीबाईंमधल्या अंतरातून येतो, आणि ‘दृष्टिकोन’ म्हणून आपण जे विचारतो तेही तिथेच आहे. तो एक कोन नाही, दोन आहेत, आणि धाकटीला थोरली कुठेच खोटे पाडत नाही.

इतके वाचून झाल्यावर मी माझ्या विद्यार्थिनीच्या ओळींकडे वळलो, तेव्हा त्या ‘विषयांतर’ राहिल्या नव्हत्या. मी दोन लक्ष्मीबाई मोजल्या होत्या. ती तिसरी कोणीतरी मोजत होती.

नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. लक्ष्मीबाईंच्या चुलीपासून दूर ठेवलेली आणि नंतर एक दिवस जवळ आलेली माणसे ती हीच. निश्चयाचा क्षण पुस्तकात पूर्ण लक्ष्मीबाईंच्या आतला आहे. त्यांची झोप, त्यांचा विचार, त्यांचा निर्णय. ज्यांच्या हातचे पाणी कालपर्यंत बाटवत होते आणि आज चालू लागले, ते त्या प्रसंगात पाण्याच्या पलीकडे उभे आहेत. लक्ष्मीबाईंच्या प्रामाणिकपणाला यात बाधा येत नाही. त्या आपल्या आत जे घडले ते सांगतात, दुसऱ्याच्या आतले सांगण्याचा आव आणत नाहीत. दुष्काळातली पोरे, प्लेगमधले रोगी यांच्याविषयी लिहिताना त्या त्यांना नावानिशी, स्वभावानिशी उभे करतात, त्यांच्याशी भांडतातही. तेव्हा विचारलेच नाही, हा आक्षेप सरसकट टिकणार नाही, असे मी आज त्या मुलीला सांगितले असते. पण त्या एका प्रसंगापुरता तो टिकतो. आणि आपण सगळे, मास्तर धरून, तो प्रसंग मुकुटमणी म्हणून शिकवतो.

पलीकडच्या बाजूने त्याच पाण्याकडे पाहणारे पुस्तक याच जिल्ह्यातून यायला पुढे चार दशके लागली. दया पवारांचे ‘बलुतं’ ग्रंथालीने 1978 साली काढले. पवारांचे गाव धामणगाव, तालुका अकोले. शिक्षण संगमनेरला, बालपणाचा एक तुकडा मुंबईच्या कावाखान्यात. अकोल्याहून प्रवरा संगमनेरवरून खाली नेवाशाला जाते, जिथे शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. राहुरीची मुळाही प्रवरेलाच मिळते. नकाशावर ही तिन्ही गावे एकाच पाण्यावर आहेत. पाणी एक, पाणवठे मात्र वेगळे. ‘बलुतं’ वाचलेल्याला हे सांगायला नको.

‘बलुतं’मध्ये लज्यूनचा करार पहिल्याच पानांत मोडतो, आणि पाळलाही जातो. सांगणारा आहे दगडू मारुती पवार. ऐकणारा आहे दया पवार, शिकलेला, कारकुनी केलेला, कवी म्हणून नाव झालेला. ‘कोंडवाडा’ हा संग्रह 1974 सालीच आलेला होता. दोघे एकच माणूस. सुरुवातीला भेट होते, शेवटी दगडू गर्दीत दिसेनासा होतो. आरंभ आणि शेवट यांची सांगड इथे लेखकाने स्वतः घातली आहे. ‘स्मृतिचित्रे’सारखे मृत्यूने त्यात ढवळाढवळ केलेली नाही.

आता विचारा लेखकाचा हेतू. कोणत्या लेखकाचा? दगडूला सांगायचे आहे, त्याच्या छातीवर ओझे आहे. दया पवारांना ऐकायचे आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही. दगड, धोंडा ही नावे पोर जगावे, नजर लागू नये म्हणून ठेवायची रीत. ती पांढरपेशा जगात लाज आणतात. जो माणूस ‘दगडू’ टाकून ‘दया’ झाला, त्याला दगडूने गाठले आहे. पुस्तक वाचताना आपली जागा कुठे, तर दया पवारांच्या शेजारी, ऐकणाऱ्याच्या बाकावर. मध्यमवर्गीय मराठी वाचकाला बसायला जागा करून देणारी ही युक्ती आहे, असे मी पूर्वी वर्गात सांगत असे. आता वाटते की ती जागा आरामाची नाही. तिथे बसून ऐकणारा माणूसच आरोपी आहे. तो पळून आलेला आहे.

‘बलुतं’ आले तेव्हा त्याचे स्वागत मोठे झाले, पु. ल. देशपांड्यांसारख्यांनी त्याची दखल घेतली. दलित समाजातून मात्र दोन्ही प्रकारचे आवाज आले. आपली लक्तरे पांढरपेशांच्या वेशीवर टांगली, असा एक. आजवर कोणी बोलले नव्हते ते बोलला, असा दुसरा. गंमत पाहा, ‘का लिहिले’ हा प्रश्न लक्ष्मीबाईंना कोणी दरडावून विचारला नाही. त्यांना कौतुकाने विचारला गेला आणि मुलाच्या चरित्राचे निमित्त पुरले. दया पवारांना तो दोन्हीकडून विचारला गेला. सहानुभूतीसाठी? सूड म्हणून? प्रसिद्धीसाठी? यातून वाट काढणाऱ्या समीक्षेने मग तिसरी सोय शोधली, ‘समाजशास्त्रीय दस्तऐवज’. हा शब्द मीही प्रबंधात वापरला आहे. दस्तऐवजाला हेतू विचारावा लागत नाही, कारण त्याला लेखकच नसतो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाला आपण शैली दिली, पवारांच्या पुस्तकाला वास्तव दिले. दगडू आणि दया ही रचना ज्याने केली त्याचे कसब मात्र ‘दाहक’ या विशेषणाखाली झाकले गेले.

पुस्तकाचे नाव पाहिले असते तरी पुरले असते. बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल सुगीला मिळणारा वाटा. ती भीक नव्हे, ते हक्काचे. आणि तरी ते मागताना भिकेसारखेच मागावे लागते. बेदरच्या बादशहाने दिलेल्या बावन्न हक्कांची जी परंपरागत कथा महारवाड्यात सांगितली जाई, तिच्यातही हाच पीळ आहे: अभिमान हक्काचा, आणि हक्क काय तर उष्ट्यापाष्ट्याचा. पवारांनी आत्मकथनाला हे नाव दिले तेव्हा वाचकाला त्यांनी एका जुन्या व्यवहारात ओढले. हा माझा वाटा, असे म्हणणारा कोण आणि दाराशी सूप घेऊन उभा कोण, हे पानागणिक पालटत राहते. कधी दगडू समाजाकडे मागतो, कधी दगडू दयाकडे मागतो. शेवटी मिळते का, यावर मी विद्यार्थ्यांशी पुष्कळदा वाद घातला आहे आणि दर वर्षी वेगळ्या बाजूने घातला आहे.

लक्ष्मीबाईंच्या थोरली-धाकटीत जे अंतर आहे ते हसण्याने भरून निघते. दया आणि दगडू यांच्यातले निघत नाही. दोघींचे घर एकच आहे. वयाने वेगळ्या, इतकेच. या दोघांतला एक जण पाणवठ्याच्या अलीकडे येऊन बसला आहे आणि दुसरा पलीकडेच आहे. म्हणून ‘बलुतं’ वाचून पुन्हा ‘स्मृतिचित्रे’कडे गेले की तो निश्चयाचा प्रसंग बदलतो. लक्ष्मीबाईंचे वाक्य तेच राहते, त्यांचे मोठेपण कमी होत नाही. फक्त घागर कोणाच्या तरी हातात असल्याचे जाणवते.

याला हेतू समजणे म्हणावे का? लेखिकेच्या मनात जे नव्हते ते तिच्या पुस्तकात शोधणे हा अन्याय आहे, असे माझे गुरुजी म्हणत, आणि ते चूक नव्हते. मी त्यात एवढीच दुरुस्ती करीन की हेतू नीट ओळखला तरच त्याची कड कुठे संपते ते दिसते. पतिचरित्र हा हेतू धरला असता तर त्या मुलीचा प्रश्न खरोखरच विषयांतर होता. माणूस स्वतः विचार करून कसा बदलतो हे सांगण्याचा हेतू धरला, तर तो प्रश्न थेट उंबऱ्यावर येऊन उभा राहतो: कोणासमोर बदलतो? मी पहिला हेतू धरून दुसऱ्या हेतूचे उत्तर तपासले. गणिताच्या मास्तराने असे केले असते तर पालक भांडायला आले असते.

तीन वर्षांपूर्वी एका शिबिरात तरुण प्राध्यापकांपुढे हे मांडले, तेव्हा एकाने व्यवहाराची शंका काढली. अशा उत्तराला मुद्देसूद गुण कसे द्यायचे? आदर्श उत्तरात ते बसवायचे कुठे? शंका रास्त होती. मी त्यांना म्हणालो की प्रश्नच बदलून पाहा, हेतू विचारण्याऐवजी हा प्रसंग आणखी कोणाच्या नजरेतून सांगता येईल ते विचारा. दोघांनी तसे केले, असे नंतर कळले. एका मुलाने म्हणे टिळकांच्या बाजूने लिहिले आणि बायकोच्या स्वयंपाकाची तक्रार केली. त्याला मी पाचापैकी तीन तरी दिले असते.

ती मुलगी पुढे कुठे गेली, मला माहीत नाही. उत्तरपत्रिका ठरलेल्या मुदतीनंतर रद्दीत जातात, तशी तिचीही गेली असणार. अक्षर मात्र आठवते, किरटे आणि उजवीकडे झुकलेले. तिसऱ्या ओळीत तिने ‘विचारले’ या शब्दाखाली रेघ ओढली होती, आणि ती रेघ ही शुद्धलेखनाची खूण आहे असे समजून मी तो शब्द दोनदा तपासून पाहिला होता.